दम्याचे विद्यार्थी आणि प्राथमिक शिक्षक

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या आरोग्यशिक्षणासाठी, तसेच शाळेच्या दैनंदिन व्यवहारात उपयोगी पडावा म्हणून)

१. प्रास्ताविक

बहुतेक शाळांत एखाददुसरा विद्यार्थी असा आढळतो की, तो बुद्धीने चांगला असूनही अभ्यासात मागे पडत जातो. त्याची गैरहजेरी सलग नसते. दोन दिवस या आठवड्यात, तीन दिवस त्या महिन्यात, अशी ती विखुरलेली असते. पालकांकडे विचारणा केली असता ‘सर्दी-खोकला झाला होता’ एवढेच उत्तर मिळते. वर्गात तो आला म्हणजे प्रकृतीने ठीक दिसतो; खेळाच्या तासाला मात्र कडेला बसून राहतो. रात्री खोकल्याने झोपमोड झाल्यामुळे सकाळच्या तासाला त्याला पेंग येते, आणि शाळेच्या दृष्टीने तो आळशी ठरतो. अशा विद्यार्थ्यांपैकी काहींना दमा असतो, आणि तो कोणाच्याच ध्यानी आलेला नसतो.

हा प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता व त्या एका वर्षात साडेचार लाखांहून अधिक माणसे त्याने दगावली. त्याच वर्षाच्या जागतिक आजारभाराच्या अभ्यासानुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात होते; परंतु दम्याने झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के मृत्यू भारतातील होते. या दोन आकड्यांतील तफावत शिक्षकांनी नीट लक्षात घ्यावी. निदानास होणारा उशीर आणि नियमित औषधाचा अभाव ही या तफावतीची मोठी कारणे मानली जातात, आणि या दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत.

त्या टाळण्याच्या कामी प्राथमिक शिक्षक काय करू शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. शिक्षकाने वैद्याचे काम करावे, असा याचा अर्थ नव्हे. डॉक्टरांना मूल पाच-दहा मिनिटे दिसते. शिक्षकाला ते वर्षभर दिसते. या आजाराच्या निदानात या वर्षभराच्या निरीक्षणाला फार मोल आहे.

२. दमा म्हणजे काय?

आपण नाकाने घेतलेली हवा मुख्य श्वासनलिकेतून फुप्फुसात जाते. झाडाच्या बुंध्याला फांद्या व फांद्यांना डहाळ्या फुटाव्यात, त्याप्रमाणे या नलिकेला लहान लहान शाखा फुटलेल्या असतात. दमेकऱ्याच्या या शाखांच्या आतील अस्तराला कायमची थोडी सूज असते. त्यामुळे त्या हळव्या बनतात. निरोगी माणसाला धुराने नुसता ठसका लागतो. दमेकऱ्याच्या शरीरात त्याच धुराने तीन गोष्टी घडतात : नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, आतील सूज वाढते आणि चिकट कफ साचतो. वाट अरुंद होते. हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अधिक कठीण जाते व छातीतून शिटीसारखा सूं सूं आवाज येऊ लागतो.

येथे एक गोष्ट मनावर ठसवून घ्यावी, कारण लेखाचा सर्व भर तिच्यावर आहे. दम्याचा झटका म्हणजे दमा नव्हे. झटका येतो आणि ओसरतो. आतील सूज मात्र मधल्या काळातही राहते. राखेखाली निखारा असावा, तशी ही स्थिती असते. मूल हसते-खेळते आहे म्हणून आजार गेला असे समजणे, ही या रोगाविषयीची सर्वांत महाग पडणारी समजूत होय.

आपल्या पूर्वजांनी या रोगाचे निरीक्षण बारकाईने केले होते. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांतील ‘तमकश्वास’ हा आजच्या दम्याशी पुष्कळ जुळतो. ढगाळ हवा, पाऊस व थंडी यांनी तो वाढतो, आणि रोग्याला निजल्यापेक्षा बसल्याने आराम वाटतो, हे तेथे नमूद आहे.

दमा संसर्गजन्य नाही. दमेकरी मुलाशेजारी बसल्याने किंवा त्याच्या डब्यातले खाल्ल्याने तो होत नाही. त्याची प्रवृत्ती बहुधा आनुवंशिक असते. घरात कोणाला दमा, वारंवार शिंका येण्याची व्याधी अथवा लहानपणी इसब झालेले असते.

३. झटक्याची निमित्ते : मढचे उदाहरण

दमा कशाने उफाळतो, हे गावागणिक व मुलागणिक वेगळे असते. म्हणून शिक्षकाने पुस्तकी यादी पाठ करण्याऐवजी आपल्या गावाचे निरीक्षण करावे. उदाहरणादाखल मढ हे गाव घेऊ. मुंबई उपनगर जिल्ह्यात, मालाडच्या पश्चिमेला, एका अंगाला अरबी समुद्र व दुसऱ्या अंगाला खाडी असलेल्या भूभागाच्या टोकाशी हे गाव वसले आहे. आज ते बृहन्मुंबईत मोडते. तरी त्याचा कोळीवाडा, होड्या व मासळी सुकविण्याची खळी पाहिली म्हणजे पालघर, रायगड किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील शिक्षकाला आपलेच गाव आठवेल.

‘समुद्राची हवा दम्याला चांगली’ असे सर्रास म्हटले जाते. मोकळ्या वाऱ्याने धूर व धूळ पांगते, एवढे त्यात खरे आहे. परंतु किनाऱ्यावरील दमट हवेत घरातील गाद्या-गोधड्यांमध्ये डोळ्यांना न दिसणारे धुळीतील किडे वाढतात, आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींवर बुरशी येते. ही दोन्ही दम्याची परिचित निमित्ते आहेत.

पावसाळा सरला की खळ्यांवर बोंबील, जवळा, करंदी वाळू लागतात. सुका जवळा झाडून गोळा करताना व पोत्यांत भरताना बारीक धूळ उडते. कोळंबी, खेकडे अशा कवचधारी जलचरांवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांत त्या धुळीने व वाफेने दमा उद्भवतो, हे अनेक देशांतील पाहणीत दिसून आले आहे. सुक्या मासळीने प्रत्येकाला दमा होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. ज्या मुलाला जवळा भरताना दर वेळी खोकला येतो, त्याला त्या कामातून वगळावे, एवढाच बोध घ्यावा. ज्या धंद्यावर घर चालते त्याला दोष देणारा शिक्षक पालकांचा विश्वास गमावतो.

याशिवाय सर्वत्र आढळणारी निमित्ते अशी : साधी विषाणूजन्य सर्दी (लहान मुलांत हे सर्वांत मोठे निमित्त असते), चुलीचा धूर, विडी-सिगारेट, शिमग्याची होळी, दिवाळीचे फटाके, उदबत्ती व धूप, थंडीत जमिनीलगत साचणारी धुरकट हवा, आणि मच्छर पळविणारी कॉइल. एका कॉइलच्या जळण्यातून ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. बंद खोलीत कॉइल लावून निजणाऱ्या घरांना ही गोष्ट अवश्य सांगावी. मच्छरदाणी हा तिला चांगला पर्याय आहे.

४. निदान आणि शाळेचा हजेरीपट

दम्याचे निदान एखाद्या रक्ततपासणीने होत नाही. क्ष-किरण चित्र तर पुष्कळदा निर्दोष निघते. डॉक्टरांचा मुख्य आधार असतो तो आजाराच्या हकिगतीवर : खोकला, धाप, छातीतील आवाज व छाती आवळल्यासारखी वाटणे ही लक्षणे येतात व जातात काय? रात्री व पहाटे वाढतात काय? धावल्यावर, हसल्यावर, धुराने किंवा ऋतू पालटताना उद्भवतात काय?

नेमकी हीच हकिगत पालकांना सांगता येत नाही. पहाटे मासळीबाजारासाठी घराबाहेर पडणाऱ्या आईला मागच्या जुलैत मूल किती दिवस खोकत होते, हे स्मरत नाही. हजेरीपटाला मात्र ते स्मरते. म्हणून शिक्षकांनी पुढील प्रयोग करून पाहावा. ज्या विद्यार्थ्यांविषयी शंका आहे, त्यांची मागील बारा महिन्यांची गैरहजेरी एका कागदावर महिनावार उतरून काढावी. ती जून-जुलै, दिवाळीच्या आगेमागे व कडाक्याची थंडी अशा ठराविक काळात दाटलेली दिसते काय, हे पाहावे. पुढील दोन महिने त्याच कागदावर तीन गोष्टींची नोंद ठेवावी : वर्गात खोकला आलेला दिवस, खेळताना थांबावे लागलेला दिवस, आणि ‘रात्री झोप झाली नाही’ असे मुलाने सांगितलेला दिवस. हा कागद पालकांच्या हाती देऊन ‘डॉक्टरांना दाखवा’ असे सांगावे. रोगाचे नाव शिक्षकाने उच्चारू नये. नोंद मात्र अचूक द्यावी.

श्वासाची मोजणी दोन प्रकारे होते. ‘स्पायरोमेट्री’ नावाच्या तपासणीत जोराने सोडलेल्या श्वासाचे माप घेऊन, श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यावर ते किती सुधारते, हे पाहतात. साधारण सहा वर्षांपुढील मुलांना ही तपासणी जमते. दुसरे साधन म्हणजे ‘पीक फ्लो मीटर’. ही एक साधी फुंकनळी असून सोडलेल्या हवेचा वेग मिनिटाला किती लिटर, हे ती दाखविते. समजा, एखाद्या मुलाचा आकडा सकाळी १६० व सायंकाळी २०० आला. फरक ४०, सरासरी १८०. म्हणजे चढउतार सुमारे २२ टक्के. एक-दोन आठवड्यांच्या रोजच्या मोजणीत मुलांमधील हा सरासरी चढउतार १३ टक्क्यांहून अधिक निघाला, तर दम्याच्या निदानाला पुष्टी मिळते. सातवीच्या गणितात शेकडेवारीसाठी हे उदाहरण अवश्य घ्यावे.

प्रत्येक खोकला दम्याचा नसतो. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, सोबत ताप, वजनात घट किंवा थुंकीतून रक्त अशी लक्षणे असल्यास क्षयरोगाची तपासणी प्रथम व्हावयास हवी. ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते. एकाएकी, खेळता-खाताना सुरू झालेली धाप घशात अडकलेल्या वस्तूमुळेही असू शकते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीसूचीत श्वासनलिकांच्या या आजाराचा समावेश आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी शंकास्पद विद्यार्थ्यांना नोंदीच्या कागदासह पुढे करावे. पथक सकाळच्या प्रसन्न वेळी येते व मूल त्या दिवशी बरे असते; कागद नसेल, तर आजार नजरेतून निसटतो.

५. उपचार

औषधांचे दोन वर्ग आहेत, आणि त्यांतील भेद प्रत्येक शिक्षकाला माहीत असावा.

(अ) आराम देणारे औषध : सालब्युटामॉलसारखे. आवळलेले स्नायू ते काही मिनिटांत सैल करते. त्याचा पंप बहुधा निळा असतो. आतील सुजेवर ते काही करीत नाही.

(आ) प्रतिबंधक औषध : श्वासावाटे घेण्याचे सौम्य स्टेरॉइड. ते सूज हळूहळू उतरविते. त्याचा परिणाम तत्काळ जाणवत नाही; म्हणूनच लोक ते सोडून देतात. डॉक्टरांनी रोज सांगितले असेल, तर बरे वाटत असतानाही ते रोज घ्यावे लागते.

निखाऱ्याचा दृष्टांत पुन्हा घ्यावयाचा, तर पहिले औषध ज्वाळेवर पाणी मारते. दुसरे निखारा विझविते. केवळ निळ्या पंपावर वर्षे काढणे धोक्याचे आहे. ‘जिना’ या दम्याविषयीच्या जागतिक संस्थेने २०१९ पासून सांगितले आहे की, बारा वर्षांवरील मुलांना व प्रौढांना आराम देणारे औषध एकटे देऊ नये. त्याच्या जोडीला सूज उतरविणारे औषध असावेच.

मोजून औषध सोडणारा पंप १९५६ साली प्रथम प्रचारात आला. सालब्युटामॉल १९६९ च्या सुमारास, आणि श्वासावाटे घेण्याचे बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड १९७२ च्या सुमारास उपलब्ध झाले. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधसूचीत दोन्ही वर्गांतील औषधे आहेत.

लहान मुलाला पंप दाबणे व श्वास घेणे यांचा मेळ साधत नाही. त्यासाठी मध्ये ‘स्पेसर’ नावाची पोकळ नळी लावतात. औषध तिच्यात साठते व मूल सावकाश श्वास घेते. स्पेसर नसल्यास अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली उपयोगी पडते : बुडाला पंपाचे तोंड घट्ट बसेल एवढे भोक पाडावयाचे व बाटलीच्या तोंडातून मुलाने श्वास घ्यावयाचा. दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन येथे हीथर झार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांवर याची पारख करून १९९९ साली दाखवून दिले की, अशी बंदिस्त बसविलेली बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीस उतरते. मात्र ती बनविल्यावर आरोग्य केंद्रात एकदा दाखवून घ्यावी.

६. प्रचलित गैरसमज

‘पंपाची सवय लागते.’ ही व्यसनी सवय नव्हे. चष्म्याची सवय लागते असे आपण म्हणत नाही. दृष्टीला गरज असते म्हणून चष्मा लागतो.

‘पंप फार जहाल, गोळी बरी.’ येथे गणित करून दाखवावे. सालब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाची २ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे २००० मायक्रोग्रॅम, अर्थात वीस फवारे. गोळी पोटातून सर्व शरीरभर जाते. फवारा जेथे हवा तेथेच पोहोचतो.

‘स्टेरॉइडने मूल खुजे राहते.’ पहिल्या वर्षी उंचीची वाढ किंचित, अर्धा ते एक सेंटिमीटर, कमी होऊ शकते, हे खरे आहे. पण ताब्यात नसलेला दमाही वाढ खुंटवितो, झोप व शाळा हिरावतो आणि प्रसंगी जीव घेतो. औषध घेतल्यावर चूळ भरल्यास तोंडात पांढरे चट्टे येणेही टळते.

‘हैदराबादचे माशातले औषध एकदा घेतले की झाले.’ मृग नक्षत्राच्या सुमारास तेथे जिवंत माशाच्या तोंडातून औषध देतात व महाराष्ट्रातूनही लोक तेथे जातात. त्याने दमा बरा होतो, हे शास्त्रीय परीक्षणाने सिद्ध झालेले नाही. कोणी श्रद्धेने गेल्यास त्याची थट्टा करू नये. पण नियमित औषध सोडू नका, हे निक्षून सांगावे. कारण ते सुटते ते नेमके पावसाळ्याच्या तोंडाशी.

‘मुलीचा दमा लपवावा; लग्नाला अडचण येते.’ लपविलेल्या दम्याला औषध मिळत नाही. मुलींच्या पालकांशी याविषयी एकांतात व आपुलकीने बोलावे.

७. शाळेत झटका आल्यास

(१) मुलाला सरळ, किंचित पुढे झुकवून बसवावे; निजवू नये. भोवतालची गर्दी हटवावी. आपला स्वर शांत ठेवावा.

(२) डॉक्टरांनी लेखी सूचना दिली असेल तर तिच्याप्रमाणे, अन्यथा ऑस्ट्रेलियातील शाळांत शिकविली जाणारी चाराची रीत पाळावी : मुलाचा स्वतःचा निळा पंप हलवून, स्पेसरमधून एका वेळी एक असे चार फवारे; प्रत्येक फवाऱ्यास चार श्वास; मग चार मिनिटे थांबणे.

(३) आराम न पडल्यास पुन्हा चार फवारे द्यावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मदत येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा.

(४) वाक्य पुरे करता न येणे, बरगड्यांमध्ये खड्डे पडणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे ही घोर धोक्याची चिन्हे होत. धडपडणाऱ्या मुलाच्या छातीतील आवाज एकाएकी थांबला, तर तो आराम नव्हे. हवा आत जाईनाशी झाली, असे समजावे. अशा वेळी चार मिनिटेही न थांबता रुग्णवाहिका बोलवावी.

(५) पाणी पाजणे, वाफ देणे, छाती चोळत बसणे यांत वेळ दवडू नये.

मढसारख्या गावी वर्सोव्याला जाण्यास तर आहे. रस्त्याने मालाड गाठावयाचे तर लांबचा फेरा पडतो. ज्या गावाला खाडी, घाट किंवा पावसाळ्यातला ओढा आडवा येतो, तेथे दवाखान्याचा मार्ग व वाहनाची सोय वर्षारंभीच ठरवून कागदावर लिहून ठेवावी.

८. शाळेची व्यवस्था

वर्ग मुले येण्यापूर्वी झाडावे व पाणी शिंपडून झाडावे. फळा ओल्या फडक्याने पुसावा. पालापाचोळा न जाळता खड्ड्यात पुरावा. निळा पंप कुलुपात ठेवू नये. मुलाच्या दप्तरात किंवा वर्गशिक्षकाच्या हाताशी असावा. दमेकरी मुलाला खेळातून कायमचे वगळू नये. आधी दहा मिनिटे हलका व्यायाम देऊन मग खेळू द्यावे. ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफ यांना लहानपणापासून दमा आहे. तरी २००३ साली त्यांनी लंडनची मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत धावून जो जागतिक विक्रम केला, तो २०१९ पर्यंत अबाधित राहिला.

९. पाठाची रूपरेषा (एक तास)

उद्दिष्ट : दम्यात श्वास का कोंडतो हे समजणे, दमेकरी सोबत्याविषयी सहानुभूती निर्माण होणे.

साहित्य : पपईच्या पानाचा जाड पोकळ देठ, शीतपेयाची बारीक नळी, फळा, खडू.

कृती : विद्यार्थ्यांनी नाक धरून प्रथम जाड देठातून व मग बारीक नळीतून प्रत्येकी पंधरा सेकंद श्वास घ्यावा. श्वासाचा त्रास असलेल्या मुलांना ही कृती देऊ नये. त्यांच्याकडे घड्याळ धरण्याचे काम द्यावे.

प्रश्न : कोणत्या नळीतून श्वास घेणे कठीण गेले? नळी आणखी अरुंद झाली तर काय होईल? अशा स्थितीत धावता येईल काय?

फलकलेखन : सूज – आवळणे – कफ. निळा पंप : तत्काळ आरामासाठी. प्रतिबंधक पंप : रोजच्यासाठी.

स्वाध्याय : आपल्या घरात व आळीत धूर कोठे कोठे होतो, त्याची यादी करून तो कमी करण्याचा एक उपाय लिहा.

१०. समारोप

दमा समूळ नाहीसा करणारे औषध आज नाही. परंतु नियमित उपचाराने बहुतेक मुले निर्वेधपणे शिकू, खेळू व झोपू शकतात. त्यासाठी कोणीतरी आधी ओळखावे लागते की, हे मूल आळशी नसून आजारी आहे. शिक्षकांनी या महिन्यातच आपापल्या वर्गाच्या हजेरीपटावरून एकवार नजर फिरवावी. विखुरलेल्या गैरहजेरीची जी दोन-तीन नावे आढळतील, त्यांच्यासाठी नोंदीचा कागद आजच सुरू करावा व पुढील पालकसभेपूर्वी तो त्यांच्या घरी पोहोचवावा.